तांड्यानं पाहिलेलं यंत्र

ज्या साहेबानं त्या पेटंटवर सही केली, तो कामचोर. डोंगरसिंगाचं यंत्र कंपनीनं उचललं, ती चोरी नंतरची. पहिली चोरी त्या साहेबाची. 'हे मी नवं शोधलं' म्हणत कोणी दारात आला, तर 'थांब, आधी बघू दे' एवढं म्हणण्यासाठी सरकार त्याला पगार देतं. हा बघायला उठलाच नाही. खुर्चीत बसून त्यानं चार परदेशी यंत्रांची चित्रं चाळली. जर्मनीत असं काही नाही, चीनमध्ये नाही, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर नाही, असं ठरवून मोकळा झाला. बाभुळगावचा डांबरी रस्ता जिथं मातीत घुसतो तिथून पुढे एक तांडा आहे, आणि त्या तांड्यातल्या बाया तेच यंत्र घेऊन वावरात उभ्या आहेत, हे त्याला कोण सांगणार? कोणी सांगावं म्हणून तो थांबलाही नाही. त्याचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तेवढा माणूस दोषी ठरतो आणि खुर्ची सुटते.

वर्षानं ते पेटंट पहिल्यांदा पाहिलं पुण्यात, ऑफिसात, दुसऱ्याच कोणासाठी तरी काहीतरी शोधताना. तिचं कामच ते. कोणाच्या मोबाईलमधला कोणता पुर्जा कोणाच्या मालकीचा, याची भांडणं. तांड्यातली पहिली वकील, त्यात पेटंटची वेगळी परीक्षा पास झालेली. पण ती नेमकं करते काय, हे घरात कोणालाच धड सांगता येत नसे. तिची याडी, म्हणजे आई, धुरपताबाई विचारणाऱ्याला ठसक्यात सांगायची, "माही पोरगी मोबाईलची वकील हाये." मग बाया आपापले बंद पडलेले मोबाईल घेऊन यायच्या.

त्या दिवशी पडद्यावर ते चित्र आलं आणि वर्षाचा हात थांबला. दोन चाकं, लांब दांडा, खाली कमानपाट्याचा जबडा. उभ्यानं दांडा मागे ओढला की जबडा आपोआप आवळतो आणि पऱ्हाटी मुळासकट वर येते. कपाशी निघाल्यावर उभी राहिलेली ती वाळकी पऱ्हाटी उपटता उपटता याडीची कंबर गेली होती, म्हणून तिच्या बापूंनी, म्हणजे डोंगरसिंगानं, जुन्या छकड्याचे पाटे कापून ही उपटणी केली होती. चित्रात ती हुबेहूब होती. आणि दांड्याच्या वरच्या टोकाला एक छोटी कडी होती, तिला बाण काढून नाव दिलं होतं: जोडणीसाठी कडी.

वर्षा ती कडी पाहून हसली आणि लगेच तिला रडू आलं. त्या कडीचा यंत्राला काडीचाही उपयोग नव्हता.

आता फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चहाच्या वक्ताला, ती तांड्याच्या प्रमुखाच्या, बाबूसिंग नायकाच्या दारात बाजेवर बसली होती. तिच्या भावाच्या, सुनीलच्या, बाभुळगावातल्या वेल्डिंगच्या दुकानाला कंपनीची नोटीस येऊन पडली होती: हे यंत्र बनवणं ताबडतोब थांबवा, ते आमचं आहे. पेटंटला विरोध करायची मुदत महिनाअखेर संपत होती. लढायचं हे सगळ्यांचं ठरलंच होतं. कसं लढायचं, ते ठरायचं होतं. आणि डोंगरसिंगाची कुठलीही गोष्ट नायकाच्या दारात आल्याशिवाय ठरत नसे.

घरातलं भांडण आणि गाणं तांड्यात गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत चाले. कायद्याचं बोलायचं म्हणजे मराठीत, असं सगळ्यांनी आपसूकच धरलं होतं. जणू कायद्याला गोरबोली कळत नाही. ते तसं खोटंही नव्हतं.

"सांग वर्षे," नायक म्हणाला. "सोपं करून सांग. मले झोप लागन असं नोको सांगू."

"दोन रस्ते हाये, काका," वर्षा म्हणाली. तांड्यात पाय ठेवला की तिच्या तोंडातलं पुणं गळून पडायचं. "पह्यला रस्ता. आपण म्हणायचं, हे आमचं हाये आन् कंपनीनं आमच्यापासून चोरलं. ते साबित झालं तं पेटंट त्यायच्या नावावरून काढून बापूच्या नावावर होऊ शकते."

डोंगरसिंगानं मिशीवरून हात फिरवला. साठी उलटलेला, फेटा अजून तांबडाभडक बांधणारा माणूस. आपण काहीतरी केलंय हे जगाला कळावं, याची त्याला मुळीच लाज नव्हती. पहिल्या उपटणीवर त्यानं स्वतःचं नाव टिकलीएवढ्या नाही, वीतभर अक्षरांत रंगवलं होतं.

"आन् दुसरा?" नायकानं विचारलं.

"दुसरा असा. आपण म्हणायचं, हे नवंच नोयतं. कंपनीनं अर्ज करायच्या आधीच अख्ख्या तांड्यानं पाह्यलं, वापरलं. मंग पेटंट रद्द. कंपनीचं नाई, आपलंबी नाई. ज्याले पाह्यजे त्यानं बनवा."

"म्हणजे फुकट?" सुनील म्हणाला. तो बाजेवर बसला नव्हता. नायकाच्या ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, हातावर वेल्डिंगचे जुने चटके. "बापूनं बनवलं आन् मालक कोणीच नाई?"

"हाव."

"मंग पह्यला रस्ता. याच्यात इचार कायचा करून राह्यलो आपण?"

"पह्यल्या रस्त्यात एक गड्डा हाये, भिया." वर्षानं चहाचा कप खाली ठेवला. "कायद्याले नवी चीज लागते. अर्जाच्या आधी चारचौघात दाखवली तं ती नवी राह्यत नाई. दुसऱ्यानं दाखवली तं नाईच, मालकानं सोता दाखवली तरी नाई. आन् आपण..."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. सगळ्यांच्या नजरा नायकाच्या अंगणाकडे गेल्या.

ही या तांड्याची रीत होती. नवा बैल आला, नवं छकडं आलं, पुढे मोटारसायकल आली, तर ती आधी नायकाच्या दारात उभी करायची. सेवालाल महाराजांना भोग लावायचा, नारळ फोडायचा, सगळ्या तांड्यानं डोळे भरून पाहायचं, आणि मगच ती घरी न्यायची. रीत लदेणीच्या दिवसांतली. डोंगरसिंगाचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरायचा तेव्हाची. कुठल्याही गावात शिपाई आडवा यायचा आणि चांगला बैल दिसला की 'हा चोरीचा' म्हणायचा, कारण चांगला बैल यांच्याकडे असेलच कसा. म्हणून तांड्यानं ठरवलं होतं, की प्रत्येक चीज सगळ्यांनी पाहायची. उद्या कोणी चोर म्हटलं तर अख्खा तांडा साक्षीला उभा.

उपटणीही अशीच उभी राहिली होती. हार घालून, कुंकू लावून. त्यानंतर ती सगळ्यांच्या वावरात फिरली, आणि मग कोणाकडून तरी ऐकून कंपनीचा इंजिनिअर आला, फोटो काढून गेला.

"दाखवलंच नाई म्हणू," सुनील शांतपणे म्हणाला. हे तो घरून ठरवून आला होता, हे वर्षाच्या लक्षात आलं. "यंत्र आमच्या घरात होतं. बाहीर निघालंच नाई. तो इंजिनिअर घरी आला, इश्वासानं बापूनं त्याले दाखवलं, त्यानं चोरलं. झालं. त्याच्यानंतर तांड्यानं पाह्यलं."

"अख्ख्या तांड्यानं असं म्हणावं लागन," वर्षा म्हणाली. "प्रतिज्ञेवर."

नायकानं बिडी पेटवली. तो डोंगरसिंगाचा लहानपणचा सोबती, दोघांनी एकाच साली शाळा सोडलेली. "लागन तं लागन," तो म्हणाला. "डोंगऱ्यासाठी एवढं नाई का? तांडा म्हणन, नाई पाह्यलं."

"मले तं तसाबी मोतिबिंदू हाये," उंबऱ्याजवळून तानाबाई म्हणाली. नायकाची म्हातारी बहीण ती. "म्या काय पाह्यलं, देवाले माहीत."

हशा पिकला. धुरपताबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. "माह्या लेकाचं बरोबर हाये," ती म्हणाली. "त्या मेल्या इंजिनिअरले म्या बाटी चारली, कोंबडं कापलं. वरून म्हणे मावशी, तुमच्या हाताले चव हाये. चव घेतली आन् यंत्रबी घेतलं. त्यायच्यासाठी खरं बोलाची काय गरज पडली आपल्याले?"

वर्षाला राग येत नव्हता, हीच तर अडचण होती. ही माणसं काही मिळवायला खोटं बोलत नव्हती. सुनील मालकीसाठी हपापलेला नव्हता; बापूंनी आयुष्यभर दुसऱ्यांची अवजारं दुरुस्त केली, एक चीज तरी त्यांची म्हणवली जावी, एवढंच त्याला हवं होतं. तांडा तर निव्वळ मायेपोटी आंधळा व्हायला तयार झाला होता. आणि सही मात्र तिची होणार होती. पुण्यात तिच्या सहीला आता कुठं वजन येऊ लागलं होतं. ते वजन इथं एका खोट्यावर ठेवायचं की नाही, हे तिलाच ठरवायचं होतं.

"ठीक हाये," ती म्हणाली. "मंग उलटतपासणी करू."

"कायची?"

"तिथं कंपनीचा वकील इचारणारच ना. आज मी कंपनीची वकील. तुमी साक्षीदार. जमलं तं तसंच लिवू."

पोरीनं खेळ काढला म्हणून सगळे खुशीत सरसावले. नायकानं तर बिडी विझवली, टोपी नीट केली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसला.

"तुमचं नाव?"

"बाबूसिंग. असं कायले इचारतं, तुले माहीत नाई का?"

"मी कंपनीची हाये, काका."

"मंग माह्या बाजेवर काहून बसली? ऊठ तिथून!"

पुन्हा हशा. वर्षाही हसली. मग तिनं विचारलं, "नायक, हे यंत्र तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं?" तिची भाषा एकदम बदलली, पुण्याची झाली, आणि हशा जरा ओसरला.

"इंजिनिअर येऊन गेल्यावर. त्याच्या आधी नाई."

"त्याआधी तांड्यात कोणीच पाहिलं नव्हतं?"

"चिटपाखरूबी नाई."

चोख. सुनीलनं मान डोलावली. वर्षानं आपल्या पिशवीतून पेटंटमधल्या चित्राची मोठी केलेली प्रत काढली आणि याडीकडे वळली.

"धुरपताबाई, कंपनीनं तुमच्याकडूनच हे उचललं असं तुम्ही म्हणता. पऱ्हाटी उपटायचे चिमटे बाजारात चिक्कार आहेत. आमच्या इंजिनिअरनं स्वतःच्या डोक्यानं हे केलं नसेल कशावरून?"

"हे पाय कशावरून!" धुरपताबाईनं चित्रावर बोट आपटलं. याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखी ती उसळली. "हे कडी पाय! हे कडी कायले हाये सांग तुह्या इंजिनिअरले. हिचं काही कामच नाई! ना वढाले, ना बांधाले. त्या येड्याले वाटलं काहीतरी यंत्राचंच असन, मारली जशीच्या तशी. हे कडी तं सुनीलनं ऐन वक्ताले डाग देऊन लावली, माह्या कवड्यायचा गोंडा टांगाले, नायकाच्या दारात भोग..."

ती थांबली. बोट चित्रावरच राहिलं.

तानाबाईनं तोंडाला पदर लावला, पण ती हसत नव्हती.

"नायकाच्या दारात," वर्षा हळू म्हणाली. "इंजिनिअर यायच्या आधी. गोंडा, भोग, आन् सगळा तांडा."

"दोरी बांधाले होती म्हणू," सुनील घाईनं म्हणाला. "कडी दोरीसाठी."

"म्हण. मंग कंपनी म्हणन, आम्हीबी दोरीसाठीच लावली. कामाची चीज कोणीबी लावू शकते, भिया. हे कडी बिनकामाची हाये म्हणूनच तं चोरी पकडल्या गेली. आन् ती बिनकामाची काहून, हे सांगाचं असन तं नायकाचं दार सांगावंच लागते."

"मंग कडीचं नावच नोको घेऊ. कापून टाकतो मी आपल्या उपटणीवरची."

"आपल्यावरची कापशील. त्यायच्या चित्रातली कोण्या ग्राइंडरनं कापशील? आन् कडी सोडली तं चोरीचा दुसरा पुरावा काय हाये आपल्यापाशी? याडीनं त्याले खाऊ घातलेलं कोंबडं?"

हे शेवटचं लागेल असं बोलायला नको होतं. सुनीलचा चेहरा कठोर झाला.

"तुले पह्यलेपासून माहीत होतं," तो म्हणाला. "तरी आमच्या तोंडून वदवलं. वकील झाली ना. वर्षे, तू पुण्यात बसून लोकायच्या चीजा लोकायच्या नावावर करून देतं. मोठ्या गाड्या घेऊन येते ते लोक, आन् तू त्यायले बराबर रस्ता काढून देतं. कोणाले म्हणतं का, की तुमचं खरं नाई, परत जा? घरचा वक्त आला तं तुले कायदा आठवला!"

वर्षाला याचं उत्तर देता आलं असतं. सुनीलचं म्हणणं पुरतं खरं नव्हतं. पण पुरतं खोटंही नव्हतं.

"सुन्या," धुरपताबाई म्हणाली, "तिले नोको बोलू."

"आतापर्यंत तं माह्याकडून होती तू!"

"होती." तिनं चित्रावरचं बोट काढलं आणि पदराला पुसलं. "यंत्र नाई पाह्यलं म्हणाले मले काही वाटत नोयतं. इंजिनिअरले शंभर डाव खोटं सांगीन. पण भोग लावला तो नाई लावला म्हणू? म्या सोता गोंडा बांधला, तो नाई बांधला म्हणू? उद्या तुह्या पोरीच्या लग्नात याच दारात भोग लावाचा हाये मले. महाराजाले कोणतं तोंड दाखवू?"

"महाराज कोर्टात येत नाई, याडी."

"म्हणूनच तं आपल्याले सांगावं लागते."

नायकानं विझवलेली बिडी पुन्हा पेटवली आणि डोंगरसिंगाकडे पाहिलं. "तू बोल, डोंगऱ्या. चीज तुही. तू म्हणशील तं मी अजूनबी नाई पाह्यलं."

डोंगरसिंग एवढा वेळ बोलला नव्हता, हेच मुळात नवल होतं. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. फेट्याविना तो एकदम म्हातारा दिसायचा.

"नाव पाह्यजे मले," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? नाव पाह्यजेच. वर्षा पेटंटचं काम करते असं समजलं तवापासून मी मनात म्हणत होतो, एक दिवस माहं पेटंट माही पोरगी करन." त्यानं नायकाकडे पाहिलं. "पण बाबू, तू म्हणशील नाई पाह्यलं. तानाबाई म्हणन नाई पाह्यलं. मंग तुह्या कोठ्यात उपटणी उभी हाये, ते कोठून आली? तानाबाईच्या जवायानं पुसदकडं सोताच्या तांड्यात दोन बनवून नेल्या. त्यानं कोठं पाह्यल्या? पाह्यलंच नाई तं तुमी सगळे चोर झाले ना मंग. कंपनीचे नाई तं माहे."

"आपल्यावाल्यायले कोण चोर म्हणते, बापू?" सुनील म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

"माह्या आज्याले म्हणत होते. त्याच्यासाठीच हे रीत काढली. आन् मी आता तेच रीत खोटी पाडून माहं नाव लावू?" त्यानं मान हलवली. "नाई. वर्षे, दुसऱ्या रस्त्यानं चाल. खरं लिव. सगळ्यायनं पाह्यलं असं लिव. कोणीबी बनवा."

सुनील खांबापासून हटला, अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. धुरपताबाई त्याच्या मागून गेली. त्याच्या खांद्याला हात लावला नाही. नुसती शेजारी उभी राहिली. सुनीलचं दुकान आता बंद पडणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. बाभुळगावात पाच दुकानं तीच उपटणी बनवतील, आणि यवतमाळच्या बाजारात स्वस्तातली येऊन पडेल, हेही कळत होतं.

वर्षानं लॅपटॉप उघडला. दार नायकाचं, यंत्र डोंगरसिंगाचं, गोंडा धुरपताबाईचा, सगळं ती एकेक करून विचारत गेली आणि लिहीत गेली. कडी कशासाठी लावली, ते तिनं याडीच्याच शब्दांत लिहिलं. नायकानं दोनदा तिला थांबवून 'अख्खा तांडा' हे शब्द आले का, ते तपासलं. तानाबाई म्हणाली, मोतिबिंदू तेव्हा नव्हता, हे पण लिव. काम सुरळीत चाललं होतं. खोटं नसलं की लिहायला किती कमी लागतं, हे वर्षाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाणवत होतं. आपण जिंकणार, याची तिला जवळजवळ खात्री वाटू लागली.

"वाचून दाखव," डोंगरसिंग म्हणाला.

ती पहिल्यापासून वाचू लागली. "'अर्जदार: कंपनी.' मग कंपनीचं नाव, पत्ता. 'संशोधक...'"

"ते काय?"

"शोध लावणारा. इथं त्या इंजिनिअरचं नाव हाये, बापू. त्यायच्या पेटंटमधे तसंच हाये."

"आन् मी कोठं?"

"खाली. हे पाहा. 'विरोधक: डोंगरसिंग.'"

त्यानं वाकून पडद्याकडे पाहिलं. अक्षर त्याला वाचता येत होतं. त्यानं ते बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे शोध लावणारा तो. आन् मी त्याले आडवा येणारा."

"ते फक्त कायद्याचं नाव हाये, बापू. केस लढणाऱ्याले तसं म्हणते."

"आपण जिंकलो तं?"

"पेटंट रद्द होईन. त्याचं नाव खारीज."

"तसं नाई इचारलं मी. त्याचं खारीज झाल्यावर त्या जागी माहं लिवन का कोणी? हे डोंगरसिंगानं बनवलं, एवढंच. पैसा नोको, मालकी नोको. सरकारच्या कोण्या कागदावर, कोण्या एका ओळीत?"

सुनील अंगणातून वळून पाहत होता. नायकाच्या बिडीची राख वाढत गेली, त्यानं ती झाडली नाही. वर्षानं कलमं आठवून पाहिली, एकेक, पुढून आणि मागून. रद्द करायला जागा होती, दंडाला होती, मालकी बदलायलाही होती.

"तू शिकली त्याच्यातलं सांग," डोंगरसिंग म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी दाखवलं म्हणून माहं राह्यलं नाई, हे मी मानलं. सही देतो. पण ज्यानं बनवलं त्याले तुह्या कायद्यात काय म्हणते? विरोधक सोडून दुसरा शब्द हाये का? असन तं आताच्या आता सांग, आन् नसन तं नाई म्हणून सांग. पण सांग."